माणकोलीला ट्रक थांबला की रस्त्याला काय होतं?

मुंबई–नाशिक महामार्गावर भिवंडीजवळच्या माणकोली नाक्याला सोळा चाकी गाडी अडकली की ड्रायव्हरचा वेळ जातो, डिझेल जळतं आणि मागच्या एसटीतली माणसं मेटाकुटीला येतात. एवढं सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट चाकाखाली चाललेली असते.

डांबर हा मोठा चमत्कारिक पदार्थ आहे. त्याला झटकन धक्का दिला तर ते कडक राहतं, सावकाश दाबत राहिलं तर सरकू लागतं. ताशी ६० किमी वेगानं धावणाऱ्या ट्रकचं चाक रस्त्याच्या एका जागेवर सेकंदाचा जेमतेम दीड-दोन शतांश भाग टेकतं. इतक्या थोड्या वेळात डांबर दबतं आणि बरंचसं परत वर येतं. तोच ट्रक नाक्यावर दहा मिनिटं उभा राहिला तर त्याच जागेवर तेच वजन हजारो पट जास्त वेळ बसून राहतं. वरून मे महिन्याचं ऊन असेल तर विचारायलाच नको. डांबर बाजूला सरतं, चाकाच्या वाटेत लांबलचक चर पडतात आणि कडेला उंचवटे येतात. पाऊस सुरू झाला की त्या चरांत पाणी साठतं आणि खड्ड्यांचा मोसम सुरू होतो.

भिवंडीच्या रस्त्यांबद्दल बोलताना लोक आधी मालाला दोष देतात, आणि तो पुष्कळदा खराही असतो. पण चोख माल वापरला तरी नाक्यावरचा रस्ता मोकळ्या पट्ट्यापेक्षा लवकर जातो. इथं कोंडी रस्ता फोडते आणि फुटलेला रस्ता कोंडी वाढवतो. वाहतूक पोलिसांचं काम आणि बांधकाम खात्याचं काम कागदावर वेगळं असलं तरी डांबराला तो फरक कळत नाही.

६० अंशांची परीक्षा

रस्त्याच्या डांबराचे आपल्याकडे चार दर्जे आहेत: व्हीजी-१०, २०, ३० आणि ४०. आकडा जितका मोठा तितकं डांबर घट्ट. ते किती घट्ट आहे हे ६० अंश सेल्सियसला मोजतात, कारण कडक उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग साधारण तेवढा तापतो. हवा चाळिशीच्या आत असली तरी काळा रस्ता वीस अंश पुढे असतो. अवजड आणि संथ वाहतुकीच्या रस्त्याला वरच्या थरात व्हीजी-४० किंवा पॉलिमर मिसळून सुधारलेलं डांबर वापरावं, असा इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेचा रोख आहे. भिवंडी परिसरातल्या प्रत्येक मोठ्या नाक्याला हे लागू पडतं. गल्लीतलं डांबर आणि अंजूरफाट्यावरचं डांबर एकच असून चालणार नाही.

डांबराची जुनी चाचणी तर पाहण्यासारखी असते. २५ अंशांच्या डांबरावर १०० ग्रॅम वजनाची सुई ५ सेकंद टेकवायची आणि ती मिलिमीटरच्या किती दशांशांनी आत गेली ते मोजायचं. सुई सहा-सात मिलिमीटर रुतली की त्या मालाला ‘साठ-सत्तर’ म्हणत. जुने ठेकेदार अजूनही दर्जा याच भाषेत सांगतात.

एवढे ट्रक आले कुठून?

जकातीमुळे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. भिवंडी त्या हद्दीच्या बाहेर, पण मुंबईच्या उंबरठ्यावर. नाशिककडून आग्रा रोड येतो, गुजरातकडून चिंचोटी–कामण मार्गे अंजूरफाट्याला फाटा येतो, कल्याणही जवळ. त्यामुळे माल भिवंडीत उतरवायचा आणि लागेल तसा मुंबईत न्यायचा हे सोयीचं पडलं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा, माणकोली या ग्रामपंचायतींच्या भातशेतांत गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली आणि गोदामांचं मूळ कारणच संपलं. तरी गोदामं हलली नाहीत, उलट वाढली. राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्यापेक्षा एकाच ठिकाणी प्रचंड मोठं गोदाम बांधणं कंपन्यांना परवडू लागलं आणि त्यासाठी त्यांनी भिवंडी निवडली. गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर पूर्वी भाताच्या गाड्या जायच्या. आता चाळीस फुटी कंटेनर वळण घ्यायला धडपडतात.

आणखी एक नोंद. ठाणे–भिवंडी वळणरस्ता हा देशात ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीनं झालेल्या अगदी सुरुवातीच्या रस्त्यांपैकी आहे. खासगी पैशानं रस्ता आणि वसुली टोलनं, हा प्रयोग पुढे देशभर पसरला.

एक ट्रक आणि ८३ हजार मोटारी

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ एक अजब प्रयोग झाला. मुद्दाम फोडण्यासाठी रस्ते बांधले. वेगवेगळ्या जाडीचे, काही डांबरी तर काही काँक्रीटचे. लष्कराचे जवान त्यावरून दिवसरात्र ट्रक फिरवत राहिले. दोन वर्षांत ११ लाखांहून जास्त एक्सल त्या रस्त्यांवरून गेले. एक पट्टा मात्र वाहतुकीविना तसाच ठेवला, नुसत्या हवामानानं किती झीज होते ते कळावं म्हणून.

त्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात: रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळा पट.

आता भिवंडीचा हिशेब करू. छोट्या मोटारीच्या एका एक्सलवर ६०० किलो धरा आणि ट्रकच्या एक्सलवर १०.२ टन. वजनात फरक १७ पटींचा. सतराचा चौथा घात ८३,५२१. म्हणजे ट्रकचा एक एक्सल एकदा गेला की मोटारींचे त्र्याऐंशी हजारांवर एक्सल गेल्याइतकी झीज. मोटारवाले खड्ड्यांवरून जास्त ओरडतात, पण खड्डे पाडण्यात त्यांचा वाटा नगण्य असतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चार चाकांच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ वजनात १३ टक्क्यांची, पण चौथ्या घाताच्या हिशेबानं झीज ६२ टक्क्यांनी वाढते. वाहतूकदारांना दर खेपेला जास्त माल नेता आला हा फायदा खरा, पण त्या आधीच्या वजनांवर बेतलेल्या रस्त्यांचं आयुष्य त्यात खर्ची पडलं हेही खरं. साडेअकराच्या जागी १४ टन लादले तर झीज आणखी सुमारे २.२ पट. गोदामाच्या फाटकातच काटा बसवून ओव्हरलोड गाडी बाहेर पडू न देणं हा रस्ता वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. त्यासाठी नवं डांबर लागत नाही.

बैलगाडी ८, ट्रक ३, हातगाडीही ३

वाहतुकीचे अभियंते रस्त्यावरची वाहनं मोजताना सगळ्यांना मोटारीच्या मापात आणतात. आपल्या जुन्या प्रमाणकात मोटार आणि रिक्षा १, दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस ३, ट्रेलर साडेचार आणि सायकलरिक्षा २. कापडाचे तागे ओढणारी हातगाडी ३, म्हणजे थेट ट्रकच्या बरोबरीची. घोडागाडी ४ आणि मोठी बैलगाडी ८! आकार लहान असून भार जास्त का? कारण मोजतात ते वाहनानं इतरांना किती खोळंबवलं ते. भिवंडीतल्या वंजारपट्टी नाक्यावर एक हातगाडी रस्ता ओलांडते तेव्हा हे प्रमाण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेत लेनची शिस्त गृहीत धरून केलेली सूत्रं इथं चालत नाहीत, हे ओळखून केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं आयआयटी मुंबईसह देशातल्या सात संस्थांना बरोबर घेऊन भारताची स्वतःची महामार्ग क्षमता पुस्तिका तयार केली. ‘इंडो-एचसीएम’ म्हणतात तिला. दुचाकी फटीतून घुसते, रिक्षा कुठंही थांबते, ट्रक उजवी लेन धरून चालतो, या सगळ्याची मापं त्यात आहेत.

कारणाशिवाय कोंडी

पुढे अपघात नाही, बंद पडलेली गाडी नाही, पोलीसही नाहीत. तरी दहा मिनिटं खोळंबा, आणि मग एकदम रस्ता मोकळा! ते पाहून ड्रायव्हर चक्रावतो. जपानमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये याचा छडा लावून दाखवला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ गाड्या उभ्या केल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी ३० च्या आसपास समान वेगानं फिरत राहा. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग एकानं किंचित वेग कमी केला, मागच्यानं ब्रेक जरा जास्त दाबला, त्याच्या मागच्यानं अजून जास्त, आणि कोंडी तयार झाली. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी ताशी सुमारे २० किमी वेगानं मागे सरकत होती.

म्हणजे साकेत किंवा खारेगाव खाडीपुलाजवळच्या एका खड्ड्यापुढे एका ट्रकनं ब्रेक मारला तर त्याची लाट मागे माणकोली–रांजनोलीपर्यंत का पोचते, ते कळतं. ब्रेक मारणारा केव्हाच ठाण्याला पोचलेला असतो.

त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकी अभियंत्यानं ओहायोत रस्त्याकडेला कॅमेरा लावून गाड्यांचे फोटो काढले आणि वेग व गर्दी यांचं साधं सूत्र मांडलं. त्या सूत्रानुसार रस्त्यावरून सगळ्यात जास्त गाड्या पार होतात त्या पूर्ण वेगात नव्हे, मोकळ्या वेगाच्या निम्म्यावर. ८० चा रस्ता असेल तर ४० वर. त्याच्याही खाली वेग गेला की गर्दी वाढते आणि पार होणाऱ्या गाड्या कमी होतात. मोक्याच्या जागी वेग एकसारखा ठेवणं हे वाहतूक नियमनाचं खरं कौशल्य आहे.

बॅरिस्टर जयकर आणि पेट्रोलवरचा कर

आपल्या रस्त्यांच्या इतिहासात मराठी नावं ठळक आहेत. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि बैलगाडीसाठी केलेले रस्ते उखडू लागले. १९२७ मध्ये सरकारनं समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. पेट्रोलवर जादा कर घ्यावा, तो फक्त रस्त्यांसाठी वापरावा, अभियंत्यांचं कायम व्यासपीठ असावं आणि संशोधन संस्था काढावी, असा त्यांच्या समितीचा आग्रह होता. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था उभी राहिली. एका कायदेपंडिताच्या अहवालातून एवढं सगळं निघालं.

आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ता ही उतरंड ठरली ती १९४३ च्या नागपूर परिषदेत. गावच्या वेशीवरच्या फलकावर ‘प्र. जि. मा.’ दिसलं की त्यामागे नागपूर आहे.

काळ्या पाषाणाचं भाग्य

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचं पठार झालं. ठाणे जिल्ह्यातली खडी त्याच बेसॉल्टची. रस्ते बांधणाऱ्यांसाठी हे मोठं भाग्य, कारण ग्रॅनाइट किंवा गारगोटीच्या दगडापेक्षा बेसॉल्टला डांबर चांगलं चिकटतं. सिलिका जास्त असलेल्या दगडाला पाण्याचं आकर्षण जास्त, त्यामुळे पाणी डांबराला ढकलून त्याची जागा घेतं.

तरी परीक्षा द्यावी लागतेच. डांबर माखलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवतात. ९५ टक्के पृष्ठभागावर डांबर टिकलं तर पास. दुसऱ्या चाचणीत पोलादी गोळ्यांसोबत खडी पिंपात घालून पिंप ५०० वेळा फिरवतात. वरच्या थराच्या खडीचा ३० टक्क्यांहून जास्त भुगा झाला तर ती नापास.

चार दिवस पाण्यात

रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजण्याची पद्धत कॅलिफोर्नियातून आली, १९२०च्या दशकाच्या अखेरीस. मातीचा नमुना ठोकून बसवायचा, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग त्यात दट्ट्या घुसवायचा. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी झेलणाऱ्या या भागासाठी चार दिवसांची अट कडक वाटत नाही. कशेळी–काल्हेरसारख्या खाडीकाठच्या पट्ट्यात तर माती वर्षभर ओलीच.

म्हणून रस्त्याच्या मधल्या फुगवट्याला इतकी किंमत. डांबरी रस्त्याला दोन-अडीच टक्के उतार हवा. साडेतीन मीटरच्या एका लेनमध्ये अडीच टक्के म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. एवढ्याशा उतारावर सगळं पाणी गटारात जायचं असतं. पण जुन्या रस्त्यावर थरावर थर चढवत गेलं की गटार खाली राहतं, साइडपट्टी वर येते आणि पाणी मधेच अडतं. तुंबलेल्या पाण्यावरून ट्रकचं चाक गेलं की ते पाणी दाबानं भेगेत घुसतं, चाक पुढे गेलं की बारीक खडी घेऊन बाहेर येतं. एका रात्रीत खड्डा पडला असं आपण म्हणतो, पण त्याची तयारी महिनाभर चाललेली असते. रस्ता आधी गटारात बिघडतो, हे प्रत्येक नगरसेवकाला माहीत असायला हवं.

सुताचा रस्ता

ही गोष्ट भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावाला मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या रस्ते खात्यानं मातीच्या रस्त्यावर जाड सुती कापड अंथरलं, त्यावर गरम डांबर ओतलं आणि वर वाळूचा पातळ थर दिला. ते कापूस पिकवणारं राज्य. नऊ वर्षांनी, १९३५ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कापड कुजेपर्यंत त्या रस्त्यांना भेगा कमी पडल्या, खडी कमी सुटली, कडा कमी ढासळल्या. रस्त्यात कापड वापरण्याचा जगातला हा पहिला नोंदलेला प्रयोग मानतात.

कापूस कुजतो ही त्यातली उणीव. पुढे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टरचे धागे आले आणि रस्त्याखाली अंथरायच्या कापडाचा, जिओटेक्स्टाइलचा, मोठा उद्योग उभा राहिला. मऊ मातीवर थेट खडी टाकली तर खडी चिखलात बुडते आणि चिखल वर येतो. मधे हे कापड घातलं की दोन्ही आपापल्या जागी राहतात आणि पाणी मात्र आरपार जातं. खाडीकाठच्या रस्त्यांना याची गरज सगळ्यात जास्त. या कापडाच्या चाचण्यांचं देशातलं एक प्रमुख केंद्र भिवंडीपासून फार लांब नाही. घाटकोपरच्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनकडे जिओटेक विषयाचं उत्कृष्टता केंद्र आहे.

भिवंडीच्या साध्या मागावर हे कापड निघणार नाही, त्याला रुंद आणि भक्कम यंत्रं लागतात. पण माग चालवण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान इथं आहे आणि मंदीनं बंद पडलेले कारखानेही आहेत. शहराच्या रस्त्याखाली शहरात विणलेलं कापड यावं, ही कल्पना मला मनापासून आवडते.

धाग्याचा अजून एक उपयोग. १९६०च्या दशकात जर्मनीत ‘स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट’ नावाचं मिश्रण तयार झालं. त्यात मोठी खडी एकमेकींना भिडून बसते आणि भार खडीवरून खडीवर जातो, त्यामुळे चर पडत नाहीत. फटी भरायला डांबर भरपूर लागतं. ते गरम असताना निथळून जाऊ नये म्हणून मिश्रणाच्या वजनाच्या सुमारे ०.३ टक्के सेल्युलोजचे तंतू घालतात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. डांबरच वापरायचं तर नाक्यावरच्या उभ्या ट्रकांसाठी असं मिश्रण योग्य ठरेल.

प्लास्टिक आणि धातुमळी

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिकचे तुकडे गरम खडीवर टाकले. प्लास्टिक वितळून खडीला लेप बसला आणि मग डांबर घातलं. पाणी शिरायला वाट उरत नाही, हा त्यातला मुद्दा. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक किलोमीटर एकपदरी रस्त्याला साधारण एक टन प्लास्टिक लागतं, म्हणजे जवळपास दहा लाख पातळ पिशव्या. २०१५ पासून पाच लाखांवर वस्तीच्या शहरांभोवती ५० किमीच्या आत डांबरी कामात टाकाऊ प्लास्टिक वापरावं असा केंद्राचा आदेश आहे. २०११ च्या जनगणनेतच भिवंडी सात लाखांवर होती. गोदामांतून रोज निघणारं पॅकिंगचं प्लास्टिक पाहता इथं कच्च्या मालाची ददात नाही. रस्ता झिजताना सूक्ष्म कण किती सुटतात, याचा अभ्यास मात्र सोबत चालू ठेवायला हवा.

सुरतजवळ हजिरा इथं २०२२ मध्ये सहापदरी, एक किलोमीटरचा रस्ता झाला तो खडीऐवजी पोलाद कारखान्याच्या मळीचा. जाडी नेहमीपेक्षा ३० टक्के कमी, आणि वरून रोज हजारभर अवजड ट्रक. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई–गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात डोळवीच्या कारखान्याची मळी वापरून असाच पट्टा झाला. डोंगर फोडायची गरज तेवढी कमी झाली.

काँक्रीट रात्रंदिवस वाकतं

समृद्धी महामार्गाचं एक टोक नागपूरला आणि दुसरं भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावात. ७०१ किलोमीटर. शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. सपाटीवर १२० ची मर्यादा असलेला हा रस्ता ट्रक आणून सोडतो ते वडपे–माणकोलीच्या गर्दीत. माजिवडा ते वडपे हा सुमारे २४ किमीचा पट्टा आठपदरी करून दोन्ही बाजूंना दुपदरी सेवारस्ते देण्याचं काम म्हणूनच हाती घेतलं गेलं. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी असते, आणि ही कडी भिवंडीत आहे.

काँक्रीटच्या रस्त्याचं एक गुपित सांगतो. त्याच्या फरशा साधारण साडेचार मीटरच्या असतात. दुपारी वरची बाजू तापून फुगते आणि फरशीच्या कडा खाली दबतात. रात्री वरची बाजू गार होते आणि तव्यावरच्या पापडासारख्या कडा वर उचलतात. हे रोज घडतं. म्हणून आडव्या सांध्यांत मुद्दाम गुळगुळीत सळ्या घालतात, फरशी सरकायला मोकळी राहावी म्हणून. उभ्या सांध्यांत मात्र खरबरीत सळ्या, लेन एकमेकींपासून दूर जाऊ नयेत म्हणून. आणि फरशीखाली चक्क प्लास्टिकचा पातळ कागद अंथरलेला असतो. खालच्या थराला चिकटली तर फरशी तडकेल.

उभ्या ट्रकानं काँक्रीटमध्ये चर पडत नाहीत, म्हणून नाक्यांना काँक्रीट सगळ्यात योग्य. अडचण एकच: पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात आणि भिवंडीचा नाका २८ तासही बंद ठेवणं कठीण. त्यामुळे पेव्हर ब्लॉक आले. ब्लॉक बसवले की लगेच गाडी सोडता येते, बिघडले तर तेवढेच उचलता येतात. पण खालचा पाया कच्चा असेल तर ब्लॉक दोन महिन्यांत नाचू लागतात. पायाच्या थरावर कुणी खर्च करत नाही, कारण तो फोटोत येत नाही.

झटपट काही

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किमी एकपदरी डांबरीकरण झालं. गिनीज विक्रम. आधीचा विक्रम कतारचा होता.

वणी–वरोरा मार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर कठडा बांबूचा बसवला. पोलादी कठड्याच्या जागी, रीतसर धडक-चाचणी घेऊन.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ नं सहज पार होणारा. आपल्या गल्लीतला आठवून पाहा.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी डांबरात पोलादी तंतू मिसळले. २०१० मध्ये ए-५८ महामार्गावर असा पट्टा टाकला. भेगा पडू लागल्या की वरून विद्युत-चुंबकीय यंत्र फिरवायचं. तंतू तापतात, डांबर वितळतं, भेग मिटते.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसरला जैव-डांबराचा एक किलोमीटर रस्ता झाला. पुण्याच्या प्राज कंपनीनं पिकांच्या अवशेषांतल्या लिग्निनपासून ते बनवलं आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं तपासलं. भारत डांबराचा मोठा भाग आयात करतो. पालघर, वाडा, शहापूर आणि भिवंडी या तालुक्यांत भाताचा पेंढा मुबलक आहे. पुढचा प्रयोग याच पट्ट्यात करावा, आणि तो मोकळ्या रस्त्यावर न करता रांजनोलीसारख्या गर्दीच्या नाक्यावर करावा. तिथं दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे टिकलेलं डांबर देशात कुठंही टिकेल.